बिनब्रेकची आखाजी

देवपुरातल्या रुपचंद अमृतकर सरांना मोटारसायकलच्या शर्यतीत उतरायचं नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. कारण पुढे गल्लीत जे बोललं गेलं, त्यात सरांना पहिल्यापासून हौसच होती असा सूर होता, आणि तो साफ खोटा आहे. सर हायस्कुलात चित्रकला शिकवत. गणिताचा भाग मागे पडला की चित्रकलेचा तास गणिताला जातो. चित्रकलेचा भाग मागे पडलाय असं आजवर कुठल्या मुख्याध्यापकाच्या ध्यानात आलेलं नाही. अशा माणसाला हौस परवडत नाही. त्यांच्याकडे एक राजदूत होती. ती ते शनिवारी पुसत, रविवारी प्रमिलाबाईंना मागे बसवून पांझरा नदीच्या पुलापर्यंत नेत आणि तिथून परत आणत. पुलापलीकडे रहदारी असते.

सुरुवात झाली ती शेजारच्या झुलालनानांच्या व्हीसीआरपासून. नाना एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाले तरी गळ्यातली शिट्टी निवृत्त झाली नव्हती. त्यांचा मुलगा मस्कतला बंदरावर नोकरीला. त्याने त्या उन्हाळ्यात व्हीसीआर पाठवला आणि सोबत तीन कॅसेटी. दोन गाण्यांच्या निघाल्या. तिसरीवर परक्या भाषेत काहीतरी लिहिलं होतं. ते काही केल्या वाचता येईना, तेव्हा नानांनी ती धार्मिक असणार असं ठरवून टाकलं आणि गल्लीला आवतण दिलं. बायकांनी टीव्हीला हळदकुंकू वाहिलं, पुढे नारळ ठेवला.

कॅसेट लागली. आवाज नव्हता. नानांनी बटणं पिळून पाहिली, टीव्हीच्या कुशीत दोन चापट्या मारल्या, पण आवाज आलाच नाही. पडद्यावर काळ्या मातीचं एक लांबट रिंगण दिसत होतं. त्यावर पिवळा, आजारी माणसाच्या डोळ्यांसारखा उजेड. चार मोटारसायकली एका रेषेत उभ्या होत्या. वर बसलेल्यांच्या अंगावर काळं चामडं, तोंडं फडक्यांनी बांधलेली, डोळ्यांच्या जागी काचा. समोरची दोरी वर उडाली आणि चौघे निघाले. वळणावर आल्यावर गाड्या वळल्या नाहीत, कलंडल्या. मागचं चाक पुढच्याला गाठायला बाहेरून धावत आलं, हँडल उजवीकडे आणि गाडी चालली डावीकडे. प्रत्येकाचा डावा पाय जमिनीवर घासत होता. माती उडत होती, माणसं ओरडत असावीत, आणि या सगळ्यात नानांच्या पंख्याच्या करकरीशिवाय कसलाही आवाज नव्हता.

चार फेऱ्या झाल्या की चित्र तुटायचं आणि दुसरे चौघे रेषेत उभे दिसायचे. शेवटपर्यंत हेच. नारळ तसाच राहिला. कोणी उठून मात्र गेलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी न बोलावता सगळी पुन्हा येऊन बसली.

देवपुरात हा खेळ पोचला तो असा. त्याला स्पीडवे म्हणतात हे नानांच्या मुलाने फोनवर सांगितलं. बाकीचं गल्लीने पाहून पाहून काढलं. चार स्वार, चार फेऱ्या. गाडीला एकच गिअर. ब्रेक नाही. हे शेवटचं मगनने शोधलं. मगनचं इलेक्ट्रिकचं दुकान होतं आणि कुठल्याही वस्तूत काय नाही ते त्याला आधी दिसे. डाव्या बुटाखाली लोखंडी पत्रा असतो, हे बँकेतल्या अभिमनने पाहिलं. गाडी नेहमी डावीकडेच वळते, म्हणजे रिंगण उलटं फिरतं, हे प्रमिलाबाईंनी पाहिलं.

"देवाभोवती असं फिरत नाहीत," त्या म्हणाल्या. "असं फिरतात ते फक्त मडकं घेऊन."

मडकं कशाभोवती घेऊन फिरतात हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी पुढे विचारलं नाही. एक गोष्ट मात्र कोणाच्याच लक्षात आली नाही. त्या अख्ख्या कॅसेटमध्ये थांबलेला माणूस एकही नव्हता. चौथी फेरी संपायची आणि चित्र तुटायचं. बिनब्रेकची गाडी शेवटी थांबते कशी, हे ज्ञान देवपुरापर्यंत आलंच नाही.

कॉलनीत दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कार्यक्रम होई. झोके, संगीत खुर्ची, लिंबू-चमचा. यंदा काहीतरी वेगळं करू, असं अभिमन म्हणाला, आणि वेगळं म्हणजे काय ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आठवडाभर फिरतच होतं. नाना पंच झाले, कारण शिट्टी त्यांच्याकडे होती. मगन येझदी घेऊन, अभिमन बुलेट घेऊन आणि सरांच्याच शाळेतले क्रीडाशिक्षक मानसिंग पावरा आपली जुनी राजदूत घेऊन तयार झाले. सरांकडे काम आलं ते रिंगण आखण्याचं. अंडाकृती काढायला चित्रकलेचा माणूस लागतो, एवढाच त्यांचा संबंध.

चौथा स्वार ठरत नव्हता. एका संध्याकाळी सर नानांच्या पायऱ्या चढत असताना आतून मगनचा आवाज आला. तो म्हणत होता की अमृतकर सरांकडे गाडी आहे, पण त्यांना कशाला विचारायचं, ते फक्त गाडीचं चित्र काढतील. आत सगळे हसले. त्यात मानसिंग सरही हसले. सर उरलेल्या पायऱ्या चढून आत गेले आणि शांतपणे म्हणाले की चौथा मी. इतिहासातली बरीच युद्धं अशीच पायरीवर ऐकलेल्या वाक्यावरून झाली असावीत.

परवानगीची कथा वेगळीच. ज्या कचेरीत अर्ज द्यायचा होता तिथल्या बाबूंनी विचारलं की शर्यत जनावरांची की माणसांची. वाहनांची, म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. वाहनांच्या शर्यतीला वेगळा विभाग होता आणि तो नाशिकला होता. सर्कस म्हणून घेऊ का, तर तंबू पाहिजे. तमाशा म्हणून घेऊ का, तर प्रमिलाबाई सरांना घरात घेणार नाहीत. शेवटी बाबूंनाच दया आली आणि त्यांनी 'मिरवणूक, वर्तुळाकार, विनावाद्य' असं लिहून दिलं. ब्रेकविषयी त्यांनी विचारलं, तेव्हा नाना म्हणाले की ब्रेक वापरणार नाही. ते खरंच होतं. नसलेला ब्रेक कोण वापरतं?

जागा मिळाली साक्री रस्त्याला. फाट्यावरून आत गेलं की एक पाझर तलाव होता. दोन वर्षं पाऊस रुसलेला, त्यामुळे तलावाचं पोट पार उघडं पडलं होतं. वरून तडकलेली माती, कडेने शिंपले, आणि मधोमध घरांची जोती. तलाव झाला तेव्हा तिथलं गाव उठून वर माळावर गेलं होतं. खाली राहिलेल्या भिंती पाण्याने खाल्ल्या. दगडी जोती तेवढी उरली. दोन रांगा समोरासमोर, मधे बोळ, एका टोकाला तुळशीचा ओटा. सपाट जमीन नेमकी त्यांच्या भोवती होती. रिंगण घालायचं तर त्या गावालाच घालावं लागणार होतं.

सर आखणीला गेले तेव्हा बांधावर एक म्हातारा शेळ्या घेऊन बसला होता. भटूआबा त्यांचं नाव. सरांनी नमस्कार केला आणि आखाजीला इथे काय होणार ते सांगितलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"आखाजीले नका करू, भाऊ," ते म्हणाले. "त्या दिन बठ्ठा घर येतस."

आखाजीला लेकीबाळी माहेरी येतात, झोके बांधतात, हे खानदेशात जन्मलेल्याला काय सांगायचं. सरांना आनंदच झाला. म्हणजे गर्दी चांगली जमेल, असं ते म्हणाले. आबांनी विचारलं की गाड्या कुठल्या अंगाने फिरणार.  सरांनी हाताने दाखवलं.

"जो उलटं फिरस, तो सोताहून थांबस नही," आबा म्हणाले, आणि शेळ्या हाकत निघून गेले.

लंबगोल आखायची रीत सोपी असते. दोन खुंट्या रोवायच्या, त्यांच्याभोवती सैल दोरी टाकायची आणि दोरी ताणून धरत फिरायचं. सरांनी एक खुंटी तुळशीच्या ओट्याशी ठोकली, दुसरी बोळाच्या दुसऱ्या टोकाला, आणि चुन्याच्या फक्कीची पाटी घेऊन फिरायला लागले. अर्ध्यावर आल्यावर त्यांना जाणवलं की आपल्याला दोरी ताणावी लागत नाहीये. ती आपोआप ताठ होती. मधून कोणीतरी धरून, जसजसे आपण पुढे जाऊ तसतशी सोडत असावं, तशी. सरांनी मागे वळून पाहिलं. जोती होती, ऊन होतं. त्यांनी उरलेलं रिंगण जरा भरभर पुरं केलं. ते इतकं सुबक आलं की सरांना शाळेच्या फळ्यावर कधी तसं जमलं नव्हतं.

कॅसेटमधली माती काळी होती, म्हणून काळी राख आणायची ठरली. एका जिनिंगच्या बॉयलरची राख मगनने ट्रॅक्टरने आणून पसरली. पण देवपुरात बातमी पोचेपर्यंत ती अमरधामातली, चितेची झाली होती. सर संध्याकाळी राखेने माखून घरी आले तेव्हा प्रमिलाबाईंनी त्यांना दारातच अडवलं, अंगणात बादलीभर पाण्याने आंघोळ घातली आणि कडुलिंबाचं पान चावायला दिलं. समोरच्या वहिनींनी हे पाहिलं आणि विचारपूस करायला आल्या, की कोण गेलं. जिनिंगची राख आहे असं सरांनी ओल्या धोतराने ओरडून सांगितलं, पण अशा वेळी माणसाच्या बोलण्याला वजन राहत नाही.

सराव शाळेच्या मैदानावर झाला. नानांनी नोकरीभर गाड्या घसरू नयेत म्हणून ड्रायव्हरांना मेमो दिले होते. आता ते खुर्ची टाकून गाडी कशी घसरवावी याच्या सूचना देत होते. बुटाखाली मगनने दाराच्या बिजागऱ्या ठोकून दिल्या. सर पहिल्या दिवशी डावीकडे पडले, दुसऱ्या दिवशी उजवीकडे. मगनने चारही गाड्या कॅसेटप्रमाणे 'शास्त्रशुद्ध' करून दिल्या. ब्रेक काढले. एकच गिअर पाहिजे म्हणून दुसऱ्या गिअरवर गाडी ठेवून गिअरचा दांडा कापला. चावी हलून बंद पडू नये म्हणून वायर थेट जोडली. हवा भरपूर मिळावी म्हणून एअर फिल्टर काढून फेकला. सरांनी त्याला विचारलं की एवढं सगळं काढल्यावर उरलं काय. वेग उरला, असं मगन म्हणाला.

आखाजीच्या सकाळी प्रमिलाबाईंनी घरातल्या पितरांच्या घागरी भरल्या, वर खरबूज आणि सांजोरी ठेवली, त्यांच्या नावाने घास टाकला. आपल्या आईवडिलांच्या घागरींना सरांनी नमस्कार केला. तेव्हा कुठे त्यांना आबांचं बोलणं पुन्हा ऐकू आलं. त्या दिवशी बठ्ठे, म्हणजे सगळेच, घरी येतात. नुसत्या लेकीबाळीच नव्हेत. भर दुपारी पाणी प्यायला, जेवायला, आपल्या घरी, जे गेले तेही येतात. आणि ज्यांचं घर तलावात आहे ते कुठे येत असतील? पण हा विचार माणसाने शर्यतीच्या दिवशी करायचा नसतो, आणि बाहेर मगन हॉर्न वाजवत होता.

बांधावर गर्दी खरंच दांडगी जमली. देवपूर तर होतंच, आजूबाजूची खेडी होती, उसाच्या रसाचा चरक होता. गावकरी पहाटेच येऊन आपापल्या जोत्यांवर पाणी ठेवून पुजून गेले होते आणि उन्हं वर येताच सगळं आवरून वर माळावर परतले होते. नानांनी रेषेवर पायजम्याची नाडी ताणली होती. ती उडवली की शर्यत सुरू. वेळेबद्दल नाना कडक होते, आणि सगळं जुळून येईपर्यंत नेमके बारा वाजले. सूर्य डोक्यावर, सावली पायाखाली, तलावात एक चिमणी नाही.

नाडी उडाली. ती अभिमनच्या गळ्यात अडकली आणि बुलेट एका जागी फिरून त्याच्याच अंगावर बसली. मगन पहिल्या वळणावर घसरायचं विसरला आणि सरळ गेला. बांध चढून, लोकांमधून वाट काढत तो पलीकडे उतरला आणि साक्री रस्त्याला लागला. तो त्या दिवशी पुन्हा दिसला नाही. मानसिंग सर दुसऱ्या फेरीत तळाच्या उरल्यासुरल्या चिखलात गेले आणि गाडी सोडून म्हशीसारखे हळू हळू बाहेर आले. राहिले एकटे अमृतकर सर.

आणि सरांना जमत होतं. वळण आलं की डावा पाय आपोआप टेकत होता, मागचं चाक राख उडवत बाहेर येत होतं, हँडल उजवीकडे, गाडी डावीकडे, जसंच्या तसं. बांधावर शिट्ट्या, टाळ्या. चौथी फेरी संपली. नानांनी शिट्टी मारली. सरांनी क्लच ओढला तो हातात आला. केबल तुटली होती. ॲक्सिलरेटर सोडला तर तो सुटेना. उघड्या कार्बोरेटरमध्ये राख जाऊन आतलं अडकलं होतं. ब्रेक नव्हता. चावी नव्हती. दांडा नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा सरांना एखादी गोष्ट बिनचूक जमत होती, आणि ती थांबवता येत नव्हती.

नानांनी लाल रुमाल दाखवला. मग दोन्ही हात पसरून एसटी थांबवतात तसे उभे राहिले, आणि गाडी जवळ येताच बाजूला झाले. मानसिंग सर दोर घेऊन धावले. पेट्रोलची टाकी काठोकाठ भरलेली होती. टाळ्या थांबल्या. आणि तेवढ्यात तलावाच्या पोटातून एक वावटळ उठली. आधी चिमटीएवढी, मग झाडाएवढी, मग तिने राख, माती, फक्की सगळं उचललं आणि रिंगणावर झाकण घातल्यासारखी बसली. बांधावरच्यांना मग काही दिसलं नाही. नुसता आवाज येत होता, गोल फिरणारा.

आत सरांना मात्र दिसत होतं. धूळ रिंगणाबाहेर होती. आतली जागा स्वच्छ होती, खोलीत असते तशी. डाव्या हाताला जोती होती. पुढच्या फेरीला त्यांच्यावर गुडघाभर भिंत होती. सरांना वाटलं, घामाने डोळे भरलेत. पुढच्या फेरीला ती भिंत कमरेला आली आणि तिला पांढऱ्या मातीचा हात दिलेला दिसला. मग दारं आली. मग धाब्याची छतं. चित्रकलेच्या माणसाने सवयीने पाहिलं: यथार्थदर्शनात कुठेही चूक नव्हती. जवळचं मोठं, दूरचं लहान, बोळ एका बिंदूला जाऊन मिळत होता.

दारांत माणसं बसली होती. लांबच्या गावाहून चालत येऊन टेकलेली, पाय पुढे पसरलेली. ती सरांकडे बघत होती. रागाने नव्हे. आपल्या घराभोवती मघापासून एक मनुष्य फिरतोय, त्याला काय हवंय ते कळत नाही, अशा नजरेने. त्यांच्या सावल्या नव्हत्या. भर बाराला कोणाचीच सावली पडत नाही, तेव्हा तो पुरावा धरता येत नाही, असं सरांनी नंतर स्वतःला पुष्कळदा समजावलं. इंजिनाचा आवाज त्यांना ऐकू येईनासा झाला होता. कॅसेटमध्ये होती तीच शांतता. भीती आधी खूप होती, मग ती कुठेतरी गळून पडली, आणि त्यांना नुसतं दमल्यासारखं वाटू लागलं, शाळेतल्या वीस वर्षांचं मिळून दमल्यासारखं. असंच फिरत राहिलं तरी चालेल, असंही एकदा वाटलं. तो विचार सगळ्यात वाईट होता.

तुळशीच्या ओट्याशेजारच्या घरात एक म्हातारी होती. बाकीच्या दारांत चार चार माणसं, ही एकटीच. बाकीच्यांच्या ओट्यावर घागरी होत्या, तिच्या नव्हत्या. प्रत्येक फेरीला ती जरा पुढे सरकलेली दिसे. आधी दारात, मग ओट्यावर, मग पायरीवर. मग ती रिंगणाच्या कडेला उभी होती, हातात तांब्या. सरांना ओरडायचं होतं की बाजूला हो, माझ्याकडे ब्रेक नाही. 

"दमी गया ना रे बेटा," ती म्हणाली. "थांब. पानी पी."

आणि तिने तांब्यातलं पाणी त्यांच्यावर टाकलं.

वावटळ विरली तेव्हा बांधावरून लोक धावत आले. राजदूत तुळशीच्या ओट्याशेजारच्या जोत्याला लागून उभी होती, पडलेली नव्हती. इंजिन भिजलेलं, त्यातून वाफ निघत होती. सर जोत्यावर बसले होते. डोक्यापासून पायापर्यंत ओले, आणि ओंजळीत अजून थोडं पाणी धरून. प्रमिलाबाई सगळ्यांच्या पुढे होत्या. त्यांनी आधी सरांना चाचपून पाहिलं, कुठे मोडलंय का. कुठेच मोडलेलं नाही म्हटल्यावर त्यांना रडू आलं, आणि ते दिसू नये म्हणून त्या मगनला शिव्या देऊ लागल्या. मगन तिथे नव्हता. त्याने काही फरक पडला नाही.

नानांनी लगेच चौकशी सुरू केली. त्यांच्या मते गाडी मागे राहिलेल्या एखाद्या घागरीवर आदळली असणार, पाणी उडून प्लग भिजला असणार. सगळ्यांना ते पटलं. फक्त आसपास खापर एकही सापडेना, आणि त्या जोत्यावर घागर ठेवल्याची खूणही नव्हती. मग नानांनी दुसरा निर्णय दिला, की चारपेक्षा जास्त फेऱ्या मारल्यामुळे सर बाद आहेत. बक्षिसाचा स्टीलचा जग कोणालाच मिळाला नाही. सरांनी त्यावर काहीच हरकत घेतली नाही. हाच त्यांच्या प्रकृतीचा पहिला धोक्याचा इशारा होता, असं गल्ली म्हणते.

गर्दी पांगल्यावर भटूआबा माळावरून खाली आले. काय झालं ते त्यांनी विचारलं नाही.

"कोन्हा घरजोडे थांबनात, भाऊ?"

याच घराजवळ, अशा अर्थाने सरांनी हाताखालच्या जोत्यावर थोपटलं. आबांनी डोक्यावरची टोपी काढली. 

"मंजुळामायनं घर," ते म्हणाले. "तिले मांगे कोनी नही. तिनी घागर कोनी भरस नही."

गाव हलणार हे कळलं, त्याच उन्हाळ्यात मंजुळाबाई गेल्या, असं त्यांनी सांगितलं. मूलबाळ नव्हतं. बोळातून जाणाऱ्या कोणालाही बोलावून पाणी पाजायची खोड होती, मग तो वाणी असो, भिकारी असो, की तलावाची मोजणी करायला आलेला साहेब असो. गाव वर गेलं ते आपापली माणसं घेऊन गेलं. पितरही ज्याने त्याने आपापलेच पुजले. तिला कोणी पुजलं नाही.

प्रमिलाबाई हे सगळं उभ्या उभ्या ऐकत होत्या.  त्यांनी पदराने जोत्यावरची राख पुसली, जरा टेकल्या, आणि मग सरांना म्हणाल्या की चला, जेवायचं राहिलंय.

राजदूत नंतर दुरुस्त झाली. ब्रेक बसले, दांडा बसला, आणि पूर्वीसारखी ती रविवारी पांझरेच्या पुलापर्यंत जाऊन परत येऊ लागली. सर त्या दिवसाबद्दल कोणाशी बोलले नाहीत. मगनने एकदा दुकानावर विषय काढला, तेव्हा सरांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने घाईघाईने त्यांना एक बल्ब फुकट दिला.

पुढच्या वर्षीच्या आखाजीला समोरच्या वहिनी सांजोऱ्या घेऊन आल्या. देवघरासमोर पाट मांडलेला होता. एक घागर सरांच्या वडिलांची, एक आईची, आणि त्यांच्याशेजारी तिसरी, कोरी, नवी, वर तेवढंच मोठं खरबूज ठेवलेलं. सर खाली बसून तिच्यात तांब्याने पाणी ओतत होते, काठोकाठ, सांडणार नाही असं जपून. वहिनींनी घागरी मोजल्या. अमृतकरांकडे मधल्या काळात कोणी गेल्याचं ऐकलं नव्हतं. ही कोणाची म्हणून त्यांनी हळूच विचारलं. माहेरकडच्या कोणाची का?

"नाही," प्रमिलाबाई म्हणाल्या. "त्या ह्यांच्या शर्यतीकडच्या."